आपल्याच गावात पाहुणे

मुलांनो, तुमच्या घरी मुंबईहून किंवा नाशिकहून पाहुणे आले, की तुम्ही त्यांना काय दाखवता?

पालघरची मुलं असतील तर उत्तर ठरलेलं. केळव्याचा समुद्र! सुरूची झाडं, शितळादेवीचं देऊळ, वाळूत पळापळ, परतताना ताडगोळे. छानच जागा आहे ती. पण दुसऱ्या दिवशी पाहुणे विचारतात, "आज कुठे नेणार?" आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. बोईसरच्या मुलांची तर पहिल्याच दिवशी पंचाईत. माझ्या वर्गातली मुलं सरळ सांगतात, "बाई, आमच्याकडे नुसत्या कंपन्या आहेत. बघायला काही नाही."

मी बोईसरच्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. 'बघायला काही नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी त्याच्यावर उपाय काढला. महिन्यातून एक रविवार, ज्यांचे आई-बाबा हो म्हणतील ती मुलं, एक-दोन पालक आणि मी, असे आम्ही निघतो. नियम थोडे. प्रसिद्ध ठिकाणी जायचं नाही. एस्टी, रिक्षा नाहीतर लोकलने जायचं, कारण स्वतंत्र गाडी कुणालाच परवडत नाही. डबा घरचा. आणि प्रत्येकाने तिथल्या एका तरी माणसाला एक तरी प्रश्न विचारून उत्तर वहीत लिहायचं. हा शेवटचा नियम सगळ्यांत अवघड, बरं का! वर्गात तोंड बंद न ठेवणारी मुलं अनोळखी आजोबांसमोर अशी काही गप्प होतात, की काय सांगू!

पहिला रविवार आम्ही अशा ठिकाणी गेलो, की मुलं चिडलीच. पालघर स्टेशनपासून चालत गेलो तो थेट पाचबत्ती नाक्यावर! "बाई, हा तर नाका आहे! इथून आम्ही रोज रिक्षा पकडतो!"

रोज पकडता ना? मग मला सांगा, याला पाचबत्ती का म्हणतात?

एकालाही सांगता येईना. एका आईलाही नाही. समोरच्या दुकानातल्या काकांनी मात्र हातातलं काम बाजूला ठेवून सांगितलं. १९४२ सालच्या ऑगस्टमध्ये मुंबईत गवालिया टँक मैदानावरून गांधीजींनी 'चले जाव'ची हाक दिली आणि दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, पुढाऱ्यांना अटक झाली. मग ठिकठिकाणची साधी माणसंच पुढे आली. १४ ऑगस्टला पालघरच्या आसपासच्या गावांतून लोक निघाले ते इथल्या कचेरीवर तिरंगा लावायला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. त्या पाच हुतात्म्यांच्या या पाच बत्त्या. दरवर्षी १४ ऑगस्टला पालघर त्यांना आदरांजली वाहतं.

मी पाचही नावं मुलांना वहीत लिहून घ्यायला लावली. तुम्हीही लिहा. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे. नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर. मुरब्याचे रामचंद्र माधव चुरी. पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. सालवडचे सुकुर गोविंद मोरे.

आता इथे थोडं थांबते, कारण मला एका मुलाविषयी सांगायचं आहे. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. सालवडला चाळीत राहतो. वडील तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला. घर मूळचं उत्तर प्रदेशातलं. मराठी आता इतकं फाडफाड बोलतो, की मलाच दुरुस्त करतो! पण वर्गात 'माझे गाव' हा निबंध घातला तेव्हा त्याने नाव, इयत्ता, तारीख लिहून कागद कोरा दिला. मी विचारलं, तर म्हणाला, "तिकडचं गाव मी दोनदाच बघितलंय. आणि हे माझं गाव नाही ना, बाई." कुणीतरी त्याला तसं सांगितलं असणार. मुलं एवढं स्वतःहून म्हणत नाहीत.

तर पाचबत्तीवर नावं लिहिता लिहिता हा थांबला. पेन्सिलीचं टोक 'तिवारी'वर. मग हळूच म्हणाला, "बाई, हे नाव तर आमच्याकडचं आहे." बाजूची मुलगी म्हणाली, "आणि हे बघ, मोरे तर तुझ्या सालवडचे!"

त्याने दोन्ही नावांखाली रेघ मारली आणि वही दप्तरात टाकली. बोलला काहीच नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्याचा नवा उद्योग सुरू झाला. सालवडमध्ये दारोदार जाऊन विचारायचं, "सुकुर मोरे कुठे राहायचे?" पहिल्या दोन घरांतली माणसं त्याच्यासारखीच बाहेरून आलेली, त्यांना काहीच माहीत नव्हतं. तेव्हा त्याने काय केलं असेल? प्रश्न विचारायच्या ऐवजी त्यानेच त्यांना १४ ऑगस्टची सगळी हकिगत सांगितली! आज त्या चाळीत शेजारपाजारी कुणालाही विचारा, पाच नावं सांगतील. घराचा शोध अजून चालू आहे. मी चौकशीला गेले की मला सांगतो, "बाई, तुम्ही घाई करू नका."

नंतरचा रविवार शिरगावचा. पालघरहून सातपाटीला जाणारी एस्टी शिरगाववरूनच जाते. सातपाटी तुम्हाला ठाऊक असेल. तिथल्या पापलेटची कीर्ती मोठी. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला, त्यात सातपाटीकरांच्या मागणीचा वाटा होता. पण सातपाटीला जाणारे लोक शिरगावला खिडकीतून बाहेरही बघत नाहीत. आम्ही उतरलो.

गावातच किल्ला आहे. डोंगर चढायचा नाही, धापा टाकायच्या नाहीत. पोर्तुगीजांच्या काळातला हा किल्ला १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. त्याच महिन्यात माहीम, केळवे, तारापूरही आले, आणि मे महिन्यात वसई पडली. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात वसईचा वेढा वाचता ना, त्याची आधीची पानं आपल्या गावांत उलटली गेली! तटावर चढून चालता येतं. मोठ्या माणसाचा हात धरूनच हं. जुने दगड कुठे सुटतील सांगता येत नाही.

पण मुलांना किल्ल्यापेक्षा भावलं ते किल्ल्यातलं झाड. ताडाचं झाड तुम्ही पाहिलंय. एक सरळसोट खोड आणि वर पानांचा झुपका. ताड-माडांना फांद्या नसतात, हे मीच वर्गात शिकवलेलं. आणि इथे एक ताड उभा, चक्क फांद्या फुटलेला! एका खोडाचे दोन झालेले, त्या दोनांचे पुन्हा दोन, आणि प्रत्येक टोकाला वेगळा झुपका. किती टोकं आहेत यावरून वादच लागला. एक गट म्हणे चार, दुसरा म्हणे पाच. जमिनीवर उताणं पडून मोजली तरी एकमत होईना.

"बाई, तुम्ही तर म्हणाला होता..." असं म्हणत सगळे माझ्याकडे बघायला लागले. तर ऐका. नेहमीचा ताड वाढतो तो शेंड्यावरच्या एकाच कोंबातून. तो कोंब मेला की झाड मेलं. पण ताडाच्या कुळातला हा एक वेगळा भाऊबंद आहे. त्याच्या शेंड्याचा कोंबच दुभागतो आणि दोन्ही बाजू वाढत राहतात. दीवकडे ही झाडं पुष्कळ आहेत, तिथे त्यांना होका म्हणतात. काही लोक रावणताडही म्हणतात. अनेक तोंडांचा ना तो! याचाच आफ्रिकेतला नातेवाईक इजिप्तमध्ये वाढतो, त्याला डूम म्हणतात. म्हणजे नियमाला अपवाद बघायला आम्हाला पालघरपासून एका एस्टीच्या तिकिटाएवढंच लांब जावं लागलं. माझ्या वर्गाने त्या दिवशी वहीत लिहिलं, 'बहुतेक ताडांना फांद्या नसतात.' तो 'बहुतेक' मला फार आवडला.

आई-बाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. अशा ठिकाणी गेल्यावर मुलांना फोटोसाठी एका रांगेत उभं करण्याची घाई करू नका. पंधरा मिनिटं नुसतं हुंदडू द्या. झाड आधी त्यांनीच शोधून काढलं होतं. आम्ही मोठी माणसं तेव्हा डबे कुठे उघडायचे याची चर्चा करत होतो.

चिंचणी-तारापूरला गेलो ते बोईसरहून एस्टीने. ही गावं शेजारी-शेजारी, मधे खाडी. चिंचणीला जे बघायचं ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथे मी गोष्टच सांगितली. समुद्राकडे तोंड करून बसलो आणि सुरुवात केली. १९५५ साली या गावात काही ताम्रपट सापडले. ताम्रपट म्हणजे तांब्याचे पत्रे, त्यांच्यावर अक्षरं कोरलेली. आजच्या भाषेत जमिनीचे सरकारी कागद! कागद कुजतो, तांबं टिकतं. त्यांतला एक ताम्रपट आहे शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा. त्या वेळी आपला हा भाग ज्याच्या ताब्यात राजाने दिला होता, तो अधिकारी कोण होता, ओळखा बघू?

तो अरब होता! ताम्रपटात त्याला 'ताजिक' म्हटलंय, आणि त्याचं नाव आहे मधुमती. महंमद या नावाचं संस्कृतात झालेलं हे रूप. भराभर म्हणून बघा, महंमद, महंमद, मधुमती! त्याचं ठाणं संयानला, म्हणजे आजच्या गुजरातेतल्या संजाणला होतं. तिथे त्याने लोकांसाठी नद्या ओलांडायला फुकट नावा ठेवल्या होत्या आणि एक अन्नछत्र चालवलं होतं. त्या अन्नछत्रात भात, कालवण आणि तूप मिळायचं, तेसुद्धा लिहिलेलं आहे. आणि हा ताम्रपट कशाबद्दलचा? इथल्या एका देवीच्या मठासाठी जमीन दिल्याबद्दलचा. हजार वर्षांहून जास्त झाली.

"तूप पण लिहिलंय?" एवढाच प्रश्न आला. डबे उघडायची वेळ झाली होती.

तारापूरचा किल्ला आम्ही बाहेरूनच बघितला, तो खासगी ताब्यात आहे. आणि तिथून पुढे समुद्राकाठी अणुशक्ती केंद्र. आत अर्थातच जाता येत नाही. १९६९ साली भारतातली पहिली अणुवीज इथे तयार व्हायला लागली. पुढे २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. हे स्पर्धा परीक्षेला येतं, पाठ करा. पण परीक्षेला न येणारी गोष्ट अशी, की त्या नव्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं तिथून उठली आणि दुसरीकडे वसली. नव्या जागी गेली तरी नावं त्यांनी तीच ठेवली.

एका मुलीची आजी मूळची जुन्या पोफरणची. आम्ही एका रविवारी तिच्याकडेच गेलो. मुलांनी विचारलं, "आजी, तुमच्या जुन्या गावात बघायला काय होतं?" आजी हसली. म्हणाली, "बघायला काय असायचं? गावच होतं." मग तिने खडू मागितला. मी शिक्षिका, माझ्या पर्समध्ये खडू असतोच. आजीने ओटीवर बसून फरशीवर गाव काढायला घेतलं. ही वाट. इथे विहीर, पाणी गोड. हे देऊळ. या वलांड्या, म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबू. इथून समुद्र दिसायचा, भरतीला आवाज घरात यायचा. हे आमचं घर, याच्या बाजूला चिंच, त्या चिंचेखाली माझा मुलगा पडला होता आणि हात मोडला होता. मधेच ती खोडायची, "नाही नाही, चिंच इकडे," आणि पदराने फरशी पुसून पुन्हा काढायची. अर्ध्या तासात सगळी ओटी भरली.

मुलांनी तो नकाशा वह्यांत उतरवून घेतला. कुणाची विहीर देवळात गेली, कुणाचा समुद्र उलट्या बाजूला. आजीने सगळ्यांच्या वह्या तपासल्या! माझ्यापेक्षा कडक. जिची विहीर चुकली तिला दोनदा काढायला लावली. "विहीर चुकवून कसं चालेल?" म्हणाली.

नातीने त्या दिवशी ओटी पुसू दिली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुसावी लागली, घरात येणं-जाणं असतंच. पण आमच्याकडे सतरा वह्यांत ते गाव आहे.

मला वाटतं, हे आत्ताच करायला हवं. आपला सगळा किनारा झपाट्याने बदलतो आहे. आमचा जिल्हाच मुळी १ ऑगस्ट २०१४ ला जन्मला, म्हणजे तुमच्या ताई-दादाच्या वयाचा! डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली, त्याआधी सगळे शटलने लोंबकळत जायचे. डहाणूजवळ वाढवणला मोठं बंदर व्हायचं आहे. त्याची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोधही आहे. जपानच्या मदतीने होणाऱ्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होणार. त्या गाडीतून जाणाऱ्याला आपलं गाव पापणी लवेपर्यंतच दिसेल. हे चांगलं की वाईट, यावर घरी बाबांशी हवा तेवढा वाद घाला. पण वाद घालायच्या आधी जाऊन बघून या, नाहीतर बोलणार कशावर?

वाघोबा खिंडीबद्दल थोडक्यात. पालघरहून मनोरला जाताना लागते. वारली लोक वाघाला देव मानतात, तो हा वाघोबा. वाघबारसेला त्याची पूजा होते. ज्या जनावराची भीती, त्यालाच हात जोडून 'तू तुझ्या वाटेने जा, मी माझ्या' असं म्हणण्यात मोठं शहाणपण आहे असं मला वाटतं. पावसाळ्यात खिंड हिरवीगार होते, धबधबा वाहतो आणि गर्दीही फार होते. म्हणून आम्ही दिवाळीनंतर गेलो. इथूनच काळदुर्गची वाट आहे. चौथीची मुलं निम्म्यापर्यंत गेली, माझे गुडघे त्याच्या आधीच थांबले. माकडांपासून डबे सांभाळा. आमच्यातल्या एकाची पोळी गेली आणि त्याने वहीत प्रश्न-उत्तराच्या जागी लिहिलं, 'माकडाला विचारले, पोळी कुठे? उत्तर मिळाले नाही.'

तुम्ही पालघरचे नसाल, तर आतापर्यंत म्हणाला असाल, की आमच्याकडे असं काही नाही. अहो, माझी मुलंही तेच म्हणत होती! घराजवळच्या नाक्याचं नाव घ्या आणि ते का पडलं, हे तीन जणांना विचारा. तिघेही वेगवेगळं सांगतील तेव्हा मजा. मग खरं कोणतं ते शोधायला वाचनालय आहे, ग्रामपंचायत आहे, गावातले सगळ्यात म्हातारे आजोबा आहेत. आजोबांकडे संध्याकाळी जा. दुपारी ते झोपलेले असतात.

आमचा पुढचा बेत बहाडोलीचा आहे. पालघर तालुक्यातलंच गाव, वैतरणेच्या काठचं. इथली जांभळं एवढी टपोरी, की २०२३ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे 'बहाडोलीचं जांभूळ' हे नाव आता दुसरीकडच्या कुणालाही लावता येणार नाही. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी जायचं ठरलंय. सालवडच्या त्या मुलाने आपल्या आईलाही नाव द्यायला लावलंय. ज्यांना यायचं असेल त्यांनी डबा, पाण्याची बाटली आणि वही आणावी. आणि हो, पांढरा शर्ट घालून कुणीही येऊ नका.